भिंगरीच्या मागे लाल खूण: ऑलिंपस ईई-१ डॉट साईट, हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

इंदूरच्या सिरपूर तलावाच्या पाळीवर एका सकाळी मी सातशेच्या वर फोटो काढले, सगळे तारवाली भिंगरी या छोट्या, चपळ पक्ष्याचे, आणि घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर निम्म्याहून जास्त फोटोंत भिंगरीच नव्हती. नुसतं पाणी, नुसतं आकाश, एखाद्यात कोपऱ्यात शेपटीची तार. फोकस चुकला किंवा शटर कमी पडलं असं नाही हो, पक्षी फ्रेममध्ये आलाच नव्हता. दोन हिवाळे हेच चाललं होतं आणि मला वाटायचं की कॅमेरा बदलायला हवा, चांगले दीड-दोन लाख घालायची तयारी चालली होती मनात. शेवटी कामाला आली ती मुठीत मावणारी एक वस्तू, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण मराठीत याबद्दल मला कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं.

वस्तूचं नाव ऑलिंपस ईई-१, डॉट साईट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून लाल खुणेने निशाणा धरायचं साधन. २०१५ साली आली, म्हणजे नवीन काही नाही. त्याच्या आदल्या वर्षी ऑलिंपसने एसपी-१००ईई नावाचा एक लांब झूमचा कॅमेरा काढला होता, त्यात ही डॉट साईट कॅमेऱ्यातच बसवलेली होती, मग तीच कल्पना वेगळी काढून कुठल्याही कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या खाचेत, म्हणजे हॉटशूमध्ये बसेल अशी केली. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेलाय आणि ब्रँड आता ओएम सिस्टिम आहे, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. मी एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली, आठ हजारांच्या आसपास पडली.

आत काय आहे तर एक छोटा लाल दिवा, आणि समोर एक काच जिच्यावर असा लेप आहे की ती तेवढा लाल उजेड तुमच्या डोळ्याकडे परत पाठवते आणि बाकी समोरचं सगळं आरपार दिसू देते. गंमत अशी की ती लाल खूण काचेवर दिसत नाही, लांब, त्या पक्ष्याच्याच अंतरावर टेकल्यासारखी दिसते. त्यामुळे डोळ्याला जवळ-लांब करावं लागत नाही, आणि डोकं थोडं इकडे-तिकडे झालं तरी खूण निशाण्यावरून फारशी सरकत नाही. ही युक्ती खूप जुनी आहे, दुर्बिणी बनवणारे डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली याचं पेटंट घेतलं होतं. पुढे विमानांत, बंदुकांवर ती गेली, आणि आता माझ्या भिंगरीसाठी आलीय, मला तर हा त्या युक्तीचा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो.

आता अडचण नेमकी काय आहे ते सांगतो, कारण ती समजली नाही तर ही वस्तू उगाचची वाटेल. माझ्याकडे निकॉन डी५०० आहे, २०१६ चा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आणि त्यावर ५०० एमएम एफ ५.६ पीएफ लेन्स. लेन्स दीड किलोच्या आतली आहे, १४६० ग्रॅम, हातात धरून दोन तास चालवता येते, मला मनापासून आवडते. पण ५०० एमएम म्हणजे काय ते हिशोब करून बघा. वीस मीटरवर ही जोडी जेवढं बघते ती खिडकी साधारण ९४ सेंटिमीटर रुंद आणि ६३ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे घरातल्या देवळीपेक्षा थोडी मोठी. भिंगरी सेकंदाला आठ-दहा मीटर सहज उडते. म्हणजे ती खिडकी ओलांडायला तिला एका सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. आणि ती सरळ उडत नाही, पाण्यावरचे किडे टिपत वळते, उसळते, परत वळते. दहा मीटरवर आली की खिडकी आणखी निम्मी. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की बाहेरचं जग बंद, आणि एकदा भिंगरी बाहेर गेली की डावीकडे गेली का वर गेली काही कळत नाही, मग आपण कॅमेरा खाली घेतो, ती शोधतो, परत डोळा लावतो, तोवर ती तलावाच्या पलीकडे. बगळा, करकोचा, घार यांना हे चालतं. भिंगरी-पाकोळीला नाही चालत.

डॉट साईट लावली की व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचाच नाही. कॅमेरा चेहऱ्यापासून वीतभर लांब, दोन्ही डोळे उघडे, अख्खा तलाव दिसतोय, आणि त्यात एक लाल खूण. ती खूण भिंगरीवर ठेवायची, बस. आणखी एक फायदा जो मला विकत घेतल्यावर कळला: डीएसएलआरमध्ये दर फोटोला आरसा वर जातो आणि क्षणभर अंधार होतो, सेकंदाला दहा फोटो म्हणजे दहा वेळा अंधार. इथे तो अंधार दिसतच नाही, आपण आरशातून बघतच नाहीये ना.

खरं सांगायचं तर ही माझी पहिली डॉट साईट नाही. आधी एका साइटवरून एअरगनला लावतात तसली, वर कुठलंही नाव नसलेली, हजार-बाराशेची मागवली होती आणि सोबत हॉटशूचा वेगळा अडॅप्टर. त्या अडॅप्टरचा स्क्रू कितीही आवळा, स्कूटरवर धार रोडचे खड्डे पार करून तलावावर पोचेपर्यंत ढिला झालेला असायचा, आणि एकदा ढिला झाला की सगळी जुळवणी परत. चार रविवार मी त्यात घालवले. ईई-१ घडी घालून आडवी बसते, लिव्हर सरकवली की उघडते, हॉटशूत सरकवून चाक आवळलं की घट्ट. लाल खूण वर-खाली आणि डावी-उजवी करायला दोन चाकं आहेत, उजेडही कमी-जास्त होतो. तुषार आणि धूळ सहन करेल अशी बनवलेली आहे, माळव्यातल्या मे महिन्याच्या धुळीत माझी तरी व्यवस्थित चालली.

जुळवणीवर मात्र मन लावून वेळ द्या, सगळा खेळ तिथे आहे. मी हे घराच्या गच्चीवर करतो. ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि अंदाजे पंचवीस मीटरवर लाइटच्या खांबावरचा पांढरा चिनीमातीचा इन्सुलेटर, तो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठा करून बरोबर मधल्या फोकस पॉइंटवर आणायचा. मग कॅमेरा न हलवता मागे सरकून डॉट साईटमधून बघायचं आणि दोन चाकं फिरवत लाल खूण त्याच इन्सुलेटरवर आणून ठेवायची. पाच मिनिटांचं काम. मुलगी बाजूला उभी होती, म्हणाली बाबा हे बंदुकीसारखं आहे का, मी तिला म्हटलं तू बघ, तिने बघितलं आणि खांबावरच्या कावळ्यावर खूण ठेवून बटण दाबलं, कावळा बरोबर फ्रेमच्या मधोमध आला. तिने कॅमेरा हातात घ्यायची ती पहिलीच वेळ.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर दोष साईटला द्याल. साईट लेन्सच्या मध्यापासून दहा-बारा सेंटिमीटर वर बसते. म्हणजे दोघींच्या नजरा समांतर नाहीत, त्या एकाच अंतरावर एकमेकींना भेटतात, जिथे तुम्ही जुळवणी केली तिथे. पंचवीस मीटरवर जुळवलं आणि भिंगरी वीस मीटरवर असेल तर चूक जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, कळणारही नाही. पण ती दहा मीटरवर आली तर चूक सात सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि तिथे फ्रेमची उंचीच एकतीस सेंटिमीटर, म्हणजे भिंगरी मधे न येता वरच्या भागात सरकते. म्हणून जवळ आलेल्या पक्ष्यावर मी खूण थोडी वर, त्याच्या पाठीच्या वर धरतो. हे सुरुवातीला माहीत नव्हतं तेव्हा माझ्या सगळ्या जवळच्या फोटोंत पंख वरून कापलेले यायचे, आणि मी चाकंच फिरवत बसलो होतो. आपला पक्षी साधारण किती अंतरावर मिळतो ते आधी बघा आणि तिथेच जुळवा. तलावाच्या पाळीवर माझं अंतर पंधरा ते पंचवीस मीटर.

पहिले दोन आठवडे हात ऐकत नाही. इतकी वर्षं कॅमेरा कपाळाला टेकवून धरायची सवय, तो आधारच गेला की कॅमेरा डुलतो. मी डावा हात लेन्सच्या खाली आणखी पुढे सरकवला, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली आणि कमरेतून वळायला शिकलो. घरी गच्चीवर पारव्यांवर रोज दहा मिनिटं, फोटो न काढता, नुसती खूण पक्ष्यावर ठेवायची. पारवा बरा, सरळ जातो. तिसऱ्या आठवड्यात हात बसला.

मग एक सकाळ आली जिच्यासाठी हे सगळं केलं होतं. सिरपूर माहीत नसणाऱ्यांसाठी: इंदूरच्या पश्चिमेला धार रोडवर, होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तलाव. शहर अंगावर आलं, तलावाची दुर्दशा झाली, आणि तो वाचवायला चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी वर्षानुवर्षं धडपड केली, २०२२ साली सिरपूर पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. पाळीवर उभं राहिलं की मला दर वेळी हे आठवतं, कारण ती माणसं नसती तर मी आज पक्षी कुठे शोधला असता. जानेवारीची सकाळ, साडेआठ, पोहे-जिलेबी खाऊन पोचलो होतो, उत्तरेकडून थंड वारा. एका मोरीपाशी दोन तारवाल्या भिंगऱ्या फेऱ्या मारत होत्या. तपकिरी डोकं, निळी चमकदार पाठ, खालून दुधासारखी पांढरी, आणि शेपटीला मागे दोन केसासारख्या बारीक तारा.

मी वारा पाठीवर घेऊन उभा राहिलो. ही युक्ती डॉट साईटपेक्षाही जास्त उपयोगी आहे असं मी म्हणेन: छोटा पक्षी वाऱ्याविरुद्ध उडतो तेव्हा जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग पडतो, आणि वारा तुमच्या पाठीला असेल तर तो तुमच्याच दिशेने येतो, तोंड समोर. वाऱ्याबरोबर जाते तेव्हा भिंगरीचा नाद सोडायचा, ती वळून परत येईल, त्याची वाट बघायची. दर वेळी ती साधारण त्याच रस्त्याने येते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मला तिचा रस्ता पाठ झाला. मग ती पलीकडे वळताना दिसली, दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे दिसली, मी खूण तिच्यावर ठेवली, तिच्याबरोबर आणली, पाण्याच्या जवळ आल्यावर बटण दाबलं आणि सोडलं नाही. तिने चोच पाण्यात टेकवली, एक सरळ पांढरी रेघ उठली, आणि ती वर उचलली गेली. एकवीस फोटो, त्यातल्या अठरांत भिंगरी फ्रेममध्ये आहे, सातांत डोळा धारदार, आणि एकात खालच्या चोचीला पाण्याचा थेंब लटकतोय आणि त्या थेंबात पाळीवरची झाडं उलटी दिसतात. दोन वर्षांत असा एक फोटो नव्हता माझ्याकडे. मी तिथेच मोरीवर बसून तो स्क्रीनवर दहा वेळा मोठा करून बघितला. बाजूला चौकीदार भैया होते, त्यांना दाखवला तर म्हणाले, "अरे, ये तो अपनी अबाबील है, रोज देखते हैं, ऐसी कभी नहीं देखी."

सेटिंग विचारणार, म्हणून सांगतो. शटर १/३२००, पाकोळीला १/४०००. अपर्चर ५.६ उघडंच. एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल, आयएसओसुद्धा हाताने, भिंगरीच्या पांढऱ्या पोटावर एक-दोन फोटो काढून ठरवायचं, कारण ऑटोवर ठेवलं की पक्षी पाण्यावरून आकाशावर गेला की तो काळा पडतो. शिवाय डीएसएलआरवर डोळा लावलेला नसेल तर मागून व्ह्यूफाइंडरमधून उजेड आत शिरतो आणि उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो, मॅन्युअलमध्ये तो प्रश्नच येत नाही. फोकस एएफ-सी, म्हणजे सतत पक्ष्यामागे फिरणारा, आणि ग्रुप एरिया, म्हणजे मोजके पॉइंट एकत्र, कारण मधला एकच पॉइंट ठेवला तर एवढ्या अचूकपणे खूण धरता येत नाही, आणि सगळे पॉइंट दिले तर फोकस मागच्या झाडीवर जातो. लेन्सवरचा फोकस लिमिटर आठ मीटर ते अनंतवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक फेरीच्या आधी वीस मीटरवरच्या कशावर तरी, गवताच्या झुपक्यावर म्हणा, फोकस करून ठेवायचा. भिंगरी पूर्ण धूसर असेल तर कॅमेऱ्याला ती आहे हेच कळत नाही, थोडीफार दिसत असेल तर तो पटकन पकडतो.

आमच्या ग्रुपमधले एक दादा म्हणाले, आता मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो, बटण दाबायच्या आधीचे फोटोही साठवतो, हे असलं कशाला हवं. त्यांचा कॅमेरा मी एक सकाळ वापरून बघितला आणि तो खरंच सुंदर काम करतो, फ्रेममध्ये आलेली भिंगरी सोडत नाही. पण फ्रेममध्ये आणायची तुम्हालाच आहे. मी माझी ईई-१ काढून त्यांच्या कॅमेऱ्यावर लावली, त्यांनी वेड्या राघूवर अर्धा तास चालवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की कुठून घेतलीस रे. डोळा शोधणारा कॅमेरा आणि वर ही साईट, दोन्ही असेल तर मला वाटतं याहून चांगलं सध्या काही नाही. पण बजेट एकाचंच असेल आणि तुमच्या कॅमेऱ्याचा फोकस बऱ्यापैकी असेल, तर आधी साईट घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

कुठे उपयोग नाही तेही सांगतो. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला शून्य उपयोग. वेडा राघू फांदीवरून झेप घेऊन माशी पकडून त्याच फांदीवर परत येतो, तिथे मी ट्रायपॉड लावून फांदीच्या बाजूला फोकस ठेवून व्ह्यूफाइंडरनेच काढतो. इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर सारस उडतात, एवढ्या मोठ्या पक्ष्याला साईट लावली तर फ्रेमची मांडणी करता येत नाही, पंखाचं टोक कापलं जातंय का ते दिसतच नाही. दोनशे एमएमच्या आतल्या लेन्सला तर गरजच नाही. आणि कडक उन्हात, समोर चमकणारं पाणी असेल तर कुठल्याही डॉट साईटची लाल खूण फिकी पडते, उजेड पूर्ण वाढवून टोपीची सावली करावी लागते. मी सकाळी साडेनऊनंतर तसंही थांबतो.

पाकोळ्यांचं मात्र अजून चालू आहे. राजवाड्याजवळ कृष्णपुरा छत्र्यांपाशी संध्याकाळी पाकोळ्यांचा थवा चीत्कारत फिरतो. फांदीवर बसताच येत नाही असा हा पक्षी, पाय फक्त भिंतीला लटकायच्या कामाचे, त्यामुळे फोटो काढायचा तर उडतानाच. पंख कोयत्यासारखे, पाठीमागे पांढरा पट्टा. भिंगरीपेक्षा किती तरी अवघड, रस्ता पाठ होतच नाही, आणि काळा पक्षी उजळ आकाशावर. पाच संध्याकाळींत मला तीन फोटो मिळाले जे मी छापून लावेन. साईटशिवाय एकही नसता मिळाला.

एक विनंती. तारवाली भिंगरी पुलाखाली, मोरीखाली चिखलाच्या गोळ्यांची वाटीसारखी घरटी करते, आणि त्या वेळी तिचा येण्या-जाण्याचा रस्ता इतका ठरलेला असतो की फोटो फार सोपा होतो. साईट हातात आली की तो मोह जास्तच होतो, मलाही झाला. चोचीत किडा घेऊन ती मोरीत न शिरता तुमच्यासमोर घिरट्या घालतेय असं दिसलं की लगेच मागे व्हा, तुम्ही तिच्या वाटेत उभे आहात. पाण्यावर खाताना ती हवी तेवढी मिळते.

विकत घेणार असाल तर वापरलेली चालेल, फक्त घेताना तीन गोष्टी बघा. काचेवर ओरखडे किंवा लेप उडालेला नको, दोन्ही चाकं फिरवल्यावर खूण खरंच हलते का, आणि हॉटशूत बसवून बोटाने ढकलल्यावर डुगडुगते का. बॅगेत बटणाचा एक जास्तीचा सेल ठेवा. माझा एका सकाळी मोरीवरच संपला, समोर तीन भिंगऱ्या होत्या, तेव्हापासून पाकिटातच ठेवतो.